गोळी मोफत, वाट मात्र पदरमोडीची

एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. तपासणीला पैसे पडत नाहीत, समुपदेशनाला पडत नाहीत, गोळ्यांनाही पडत नाहीत. भारतात ही सोय २००४ पासून आहे आणि ती जगातल्या मोठ्या मोफत उपचार कार्यक्रमांपैकी एक आहे. तरीही रुग्ण मधेच औषध सोडतात. कारण विचारले की ‘बरे वाटत होते’, ‘कामाचे दिवस होते’, ‘जमले नाही’ अशी उत्तरे मिळतात. थोडे खोदून विचारले की बऱ्याचदा गोष्ट पैशांपाशी येऊन थांबते. जे औषध मोफत आहे त्याला पैसे लागतात कुठे?

वर्धा जिल्ह्यापुरता हिशेब मांडून पाहू. समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातल्या आडगावातून एखाद्या शेतमजूर बाईला वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील एआरटी केंद्रात यायचे आहे. सकाळची एसटी धरायची, रांगेत नंबर लावायचा, समुपदेशकाशी बोलायचे, डॉक्टरांना दाखवायचे, गोळ्या घ्यायच्या आणि परतीची एसटी गाठायची. यात दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. दर महिन्याला एक खेप धरली, तर वर्षाला १२ दिवसांची मजुरी, म्हणजे ३,५६४ रुपये बुडतात. बसभाडे, चहापाणी, सोबत कोणी आले तर त्याची मजुरी हे सगळे वेगळे.

आता दुसरा आकडा. गरीब देशांसाठी औषधे खरेदी करणाऱ्या ‘ग्लोबल फंड’ने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केले की, एचआयव्हीच्या पहिल्या पसंतीच्या तिहेरी गोळीची वर्षभराची किंमत आता एका रुग्णामागे ४५ डॉलरपेक्षा कमी झाली आहे. तेव्हाच्या दराने ते सुमारे ३,७०० रुपये होतात. म्हणजे वर्षभराची गोळी विकत घ्यायला जगाला जेवढे पैसे लागतात, जवळपास तेवढेच पैसे ती मोफत गोळी आणायला एका मजूर बाईचे बुडतात. एचआयव्हीच्या उपचाराला आर्थिक मदत म्हणजे नेमके काय, हे या दोन आकड्यांवरून समजते. औषधाचा प्रश्न बराचसा सुटला आहे. औषधापर्यंतच्या वाटेचा सुटलेला नाही.

दहा हजार डॉलरपासून मोफतपर्यंत

औषधाचा प्रश्नही सहज सुटला नव्हता. एचआयव्हीवरचे पहिले औषध झिडोव्ह्युडिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हा त्याचा वर्षाचा खर्च सुमारे १०,००० डॉलर होता. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरणाच्या दारातले रुग्ण उठून कामाला लागले. पण या तिहेरी उपचाराला वर्षाला १० ते १५ हजार डॉलर लागत. भारतातल्या रुग्णाला त्याचा काहीच उपयोग नव्हता. त्या काळात रुग्णालयांत एचआयव्हीच्या रुग्णाला क्षयरोगाचे औषध मिळे, जुलाबाचे मिळे, धीर मिळे. मूळ विषाणूवरचे औषध मात्र चिठ्ठीवर लिहिण्यातही अर्थ नसे.

हे चित्र बदलण्यात एका भारतीय कायद्याचा मोठा वाटा आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला मिळे. त्यामुळे भारतीय कंपन्या तेच औषध वेगळ्या पद्धतीने, कमी खर्चात बनवू शकत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला कळवली. दिवसाला एक डॉलरहूनही कमी! त्यानंतर किमती घसरतच गेल्या.

१ एप्रिल २००४ रोजी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नॅको’ने, मोफत एआरटी सुरू केली. अगदी सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे सर जे. जे. रुग्णालय होते. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे झाली. पहिल्या ओळीची औषधे लागू पडेनाशी झालेल्यांसाठी २००८ मध्ये दुसऱ्या ओळीचे उपचार सुरू झाले, त्यातही जे. जे. पुढे होते. सुरुवातीला शरीरातील सीडी-४ पेशी २०० च्या खाली आल्यावरच औषध मिळे. ही मर्यादा हळूहळू वर नेण्यात आली आणि २०१७ मध्ये ‘सर्वांना उपचार’ हे धोरण आले. आता चाचणी पॉझिटिव्ह आली की सीडी-४ कितीही असो, औषध सुरू करता येते.

औषधेही सुधारली. जुन्या स्टॅव्ह्युडिनने हातापायांना मुंग्या येत, गाल आत जात, चेहरा ओळखू येईनासा होई. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा दिली जातात. ‘टीएलडी’ म्हणून ओळखली जाणारी ही गोळी आधीच्या औषधांपेक्षा सोसायला सोपी आहे आणि विषाणूला तिच्याविरुद्ध प्रतिकार तयार करणे अवघड जाते.

एक खेप चुकली तर?

मग एखादी खेप चुकली, दहा-पंधरा दिवस गोळी नाही मिळाली, तर एवढे काय बिघडते? हा प्रश्न रुग्णच नव्हे, नातेवाईकही विचारतात.

एचआयव्ही रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशींत शिरतो आणि तिथेच स्वतःच्या प्रती काढतो. उपचार नसताना दररोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. प्रती काढताना तो सतत चुका करतो, आणि त्यातली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते, म्हणजे औषधाला दाद न देणारा विषाणू जन्माला येतो. रक्तात औषध पुरेसे असेल तर प्रती निघतच नाहीत, त्यामुळे चुकांनाही वाव राहत नाही. औषध पूर्ण बंद झाले की विषाणू पुन्हा वाढतो आणि सीडी-४ पेशी घटू लागतात. औषध कधी घेतले, कधी नाही, असे झाले तर ते आणखी वाईट. रक्तात औषध असते, पण अपुरे. विषाणूला जणू त्याच्याशी झुंजण्याचा सराव मिळतो. म्हणूनच महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी एखाद-दुसरीपेक्षा जास्त चुकू नये, असे सांगितले जाते.

नियमित उपचाराचे फळही तेवढेच मोठे आहे. रक्तातले विषाणू इतके कमी होतात की चाचणीत सापडत नाहीत. शरीरातून ते गेलेले नसतात, लपलेले असतात, म्हणून गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. पण विषाणू सापडेनासे झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचेही तसेच. उपचाराविना हा धोका १०० पैकी १५ ते ४५ बाळांना असतो. आईने वेळेत औषध सुरू केले तर तो पाचाच्या खाली येतो. म्हणजे एका मजुराची बुडालेली खेप ही त्याच्या एकट्याची बाब राहत नाही. घरातल्या दोघा-तिघांचे आरोग्य तिच्यावर अवलंबून असते.

त्यात क्षयरोगाची भर. एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण क्षयरोग हेच आहे. दोन्ही आजार एकत्र असले की क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरचा प्रभाव कमी होतो, म्हणून त्याची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. ती वगळून चालत नाही.

मदत कुठे आहे?

वाटेचा खर्च कमी करणाऱ्या योजना आहेत. त्या वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेल्या आहेत, एवढेच.

प्रवास : एचआयव्ही असलेल्यांना एसटीच्या साध्या गाडीतून मोफत प्रवासाची सवलत आहे, त्यासाठी प्रमाणपत्र लागते. रेल्वेत नेमून दिलेल्या एआरटी केंद्रावर उपचारासाठी जाताना दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ५० टक्के सूट मिळते.

दरमहा अनुदान : संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही-एड्स असलेल्या ६५ वर्षांखालील गरजू व्यक्तीचा समावेश आहे. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. वैद्यकीय प्रमाणपत्र, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

मुलांसाठी : क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई-वडील गमावलेल्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलांच्या संगोपनासाठी मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एचआयव्ही असलेल्या पालकांची मुले यात बसतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी.

धान्य : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबात एचआयव्ही असलेली व्यक्ती असेल, तर त्या कुटुंबाला अंत्योदय योजनेत प्राधान्याने घ्यावे, असे केंद्र सरकारने २००९ मध्येच राज्यांना कळवले आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते.

क्षयरोग असल्यास : निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. ही रक्कम २०१८ मध्ये ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती महिन्याला १,००० रुपये झाली.

रुग्णालयाचा खर्च : १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार सर्वांसाठी मोफत आहेत, जिल्हा सामान्य रुग्णालय त्यातच येते. मोठ्या आजारासाठी वा शस्त्रक्रियेसाठी भरती व्हावे लागले, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार संलग्न रुग्णालयांत घेता येतो.

यादी मोठी दिसते. पण यातल्या प्रत्येक दाराशी कुठला ना कुठला कागद मागितला जातो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

कागदावर लिहिलेले नाव

निराधार योजनेचेच पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. महिन्याला १,७५० रुपये. रोजगार हमीच्या २९७ रुपये दराने कुटुंबातल्या एकाने वर्षात ७१ दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडली जाते. औषधाने अंगात बळ आले, माणूस सोयाबीनच्या सवंगणीला, कापूस वेचायला जाऊ लागला, की कागदावर तो ‘निराधार’ राहत नाही. उपचार लागू पडला हीच त्याची अपात्रता ठरते. आणि अनुदान थांबल्याने खेपा चुकू लागल्या, तर तो पुन्हा आजारी पडून पात्र होतो. असे चक्र कोणालाच परवडणारे नाही.

दुसरी अडचण आकड्यात मांडता येत नाही. एचआयव्हीच्या नावाने मिळणारी मदत घ्यायची तर एचआयव्ही आहे हे सांगावे लागते. प्रमाणपत्र डॉक्टर देतात, पण ते तहसीलच्या टेबलावर जाते, कधी तलाठ्याकडे, कधी सेतू केंद्रात. पंधराशे रुपयांसाठी गावात बोभाटा होईल, मुलीची सोयरीक मोडेल, शेतात कोणी कामाला बोलावणार नाही, ही भीती अनेकांना अर्ज करण्यापासून परावृत्त करते. एसटीत कंडक्टरपुढे, शेजारच्या सीटवर गावचाच माणूस बसलेला असताना, सवलतीचा कागद काढणे किती जणांना जमेल? त्यापेक्षा पूर्ण भाडे देणे बरे, असे वाटणे साहजिक आहे. काही रुग्ण तर ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून जवळचे केंद्र सोडून मुद्दाम परजिल्ह्यातल्या केंद्रात नाव नोंदवतात. मोफत गोळीसाठी दुप्पट प्रवास, तोही आपल्या पैशांनी. काहीजण खासगी दुकानातून औषध विकत घेतात आणि पैसे संपले की थांबतात.

आजार लपवण्याचा हा खर्च कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही, पण रुग्णाच्या खिशातून तोच सर्वांत आधी जातो.

म्हणून एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जी मदत सर्वांसाठी असते तिच्यात आजार झाकला जातो. जी मदत आजाराच्या नावाने असते तिच्यात तो उघडा पडतो. मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. एचआयव्ही असलेल्या बाईला त्यासाठी काहीही सांगावे लागत नाही. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेतही रक्कम १,५०० रुपयेच आहे, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे आणि आजाराचा प्रश्नच येत नाही. निराधार योजनेतून तेवढीच रक्कम घेणाऱ्या बाईला दोन्हींचा लाभ मिळत नाही, त्यामुळे कोणती योजना सोयीची हे तिने समुपदेशकाशी बोलून ठरवावे. पुरुषांना आणि मुलांना मात्र हा आडोसा नाही.

सर्वांत मोठी बचत तर कुठल्याही अर्जाविना होऊ शकते. ज्यांचा उपचार नीट बसला आहे, विषाणूंचे प्रमाण आटोक्यात आहे, त्यांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम देण्याची तरतूद राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. बारा खेपांच्या चार झाल्या, तर ३,५६४ ऐवजी १,१८८ रुपयांचीच मजुरी बुडते. वर्षाला २,३७६ रुपये वाचतात आणि त्यासाठी ना दाखला लागतो, ना कोणापुढे आजाराचे नाव घ्यावे लागते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या लिंक एआरटी केंद्रांचा हेतूही हाच आहे : स्थिरावलेल्या रुग्णाला घराजवळ गोळ्या मिळाव्यात. पण त्यासाठी गोदामात गोळ्या हव्यात. २०२२ च्या जुलैमध्ये औषधांच्या टंचाईविरुद्ध एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयापुढे धरणे धरले होते आणि ते महिनाभराहून अधिक चालले. साठा कमी असला की केंद्रांना थोड्या-थोड्या दिवसांच्या गोळ्या द्याव्या लागतात आणि खेपांचा सगळा भार पुन्हा रुग्णावर येतो. दिल्लीतल्या खरेदीत झालेला उशीर असा आष्टीच्या मजुराच्या रोजीत वसूल होतो.

कायदा काय म्हणतो?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, राहती जागा यांत एचआयव्हीमुळे भेदभाव करण्यास तो मनाई करतो. संमतीविना कोणाचा आजार उघड करता येत नाही. ज्या संस्था वा कार्यालयांकडे अशी माहिती असते, त्यांनी ती सुरक्षित ठेवायची असते. हा नियम रुग्णालयाला आहे तसाच सरकारी कचेरीलाही आहे. अठरा वर्षांखालील मुलांना राहत्या घरात राहण्याचा आणि तिथल्या सोयी वापरण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. एचआयव्हीबाधितांना कल्याणकारी योजनांचा लाभ सुलभपणे मिळावा, यासाठी केंद्र आणि राज्य सरकारांनी पावले उचलावीत, असेही तो सांगतो.

मात्र औषधाच्या बाबतीत कायद्याची भाषा थोडी सैल आहे. एआरटी पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकताना तिथे ‘शक्य असेल तितके’ अशा अर्थाचे शब्द आहेत. विधेयकावर चर्चा होत असतानाच रुग्णांच्या संघटनांनी या शब्दांना आक्षेप घेतला होता. आयुष्यभर घ्यायच्या गोळीच्या बाबतीत ‘शक्य असेल तितके’ म्हणजे नेमके किती, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले, ही जमेची बाजू. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी ३.९४ लाख, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. इतक्या लोकांचा रोजचा डोस कोणाच्या मर्जीवर राहू नये.

वर्ध्याला हे नवे नाही

लोक ज्याच्या नावालाही भितात अशा आजाराशी वर्धा जिल्ह्याची ओळख जुनी आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची सेवा केली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने रुग्णाला वसाहतीत आणण्याऐवजी गावोगाव सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार नेण्याची पद्धत रुजवली. औषध घराजवळ गेले, तेव्हा लपून राहण्याचे कारणही कमी झाले.

दुसरा धडा सेवाग्रामच्या ज्वारीचा. १९८० च्या दशकात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालवली. सुगीला लोक पैशांऐवजी ज्वारी देत. ऐपतीप्रमाणे वाटा आणि गरजेप्रमाणे उपचार, असे तिचे सूत्र होते. मजुराचा वाटा कमी, जमीनदाराचा जास्त. आजारी पडल्यावर मात्र दोघांना सारखीच सेवा. कस्तुरबा रुग्णालयात येणाऱ्या माणसाने आपण ‘निराधार’ आहोत हे सिद्ध करायचे नव्हते. आपल्या गावाने वाटा दिला आहे, एवढे पुरे होते. मदत उपकार म्हणून न देता हक्क म्हणून दिली, की ती घेताना मान खाली घालावी लागत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत हेच करता येण्याजोगे आहे. निराधार योजनेतली २१,००० रुपयांची मर्यादा मजुरीच्या दरांशी जोडली, प्रमाणपत्रावर आजाराचे नाव न लिहिता ‘दीर्घ मुदतीचा आजार’ एवढेच नमूद करण्याची सोय केली, अर्ज थेट रुग्णालयातूनच पुढे पाठवला आणि तीन महिन्यांच्या गोळ्या नियमाने दिल्या, तर नवी योजना काढण्याची गरजही भासणार नाही.

रुग्णांनी आणि घरच्यांनी काय करावे?

• औषध संपण्याच्या आठवडाभर आधी केंद्रात जावे. संपल्यावर जाऊ नये.

• उपचार स्थिरावला असेल, तर तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील का आणि घराजवळ लिंक एआरटी केंद्र आहे का, हे स्वतःहून विचारावे.

• कामासाठी परगावी जायचे असेल तर आधी सांगावे. जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतात किंवा नाव दुसऱ्या केंद्रात वर्ग करता येते. उपचाराची पुस्तिका सोबत ठेवावी.

• विषाणूंचे प्रमाण मोजणारी ‘व्हायरल लोड’ चाचणी सरकारी केंद्रामार्फत मोफत होते. उपचाराच्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर वर्षातून एकदा. ती बाहेर पैसे भरून करण्याची गरज नाही.

• लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगाव्यात. त्यांच्यासोबत डोल्युटेग्राव्हिर घेतल्यास ते नीट शोषले जात नाही.

• आईला एचआयव्ही असेल तर बाळाची तपासणी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यावी. तीही मोफत आहे.

• कोणत्या योजनेसाठी कोणता कागद लागतो आणि त्यावर काय लिहिले जाईल, हे अर्ज करण्यापूर्वी समुपदेशकाला विचारावे. तो हक्क आहे.

• १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगताही माहिती मिळते.

• खेप चुकली असेल, औषधात खंड पडला असेल, तरी परत जावे. रागावतील म्हणून न जाण्याने फक्त विषाणूचा फायदा होतो. औषध तिथे आहे, आणि खंड किती दिवसांचा पडला हे खरे सांगितले तर डॉक्टरांना पुढचा उपचार नीट ठरवता येतो.